शाफ्ट ड्राइव्ह गाडीचं फायनल ड्राइव्ह ऑइल घरी कसं बदलायचं

चेनची गाडी असली की माणूस दर पाच-सातशे किलोमीटरला खाली वाकतो. चेन पुसतो, ल्यूब मारतो, ढिली झालीय का बघतो. शाफ्टची गाडी, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी, आपण घेतो तीच मुळी या वाकण्याला कंटाळून. मग मागच्या चाकाच्या मध्यावर असलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या गोळ्याकडे, म्हणजे फायनल ड्राइव्हकडे, वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघत नाही, आणि आतलं पेलाभर तेल मुकाट सगळा भार सोसत राहतं.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि माझ्याकडे यामाहा एफजेआर १३०० आहे, सेकंडहँड घेतलेली. घेताना सर्व्हिस बुकात सगळे शिक्के व्यवस्थित होते. पहिल्यांदा स्वतः फायनल ड्राइव्ह उघडला तेव्हा २०० मिली यायला हवं तिथे जेमतेम ९० मिली तेल आलं, तेही डांबरासारखं काळं. ड्रेन बोल्टाचा, म्हणजे तेल काढायच्या बोल्टाचा, वॉशर चपटा होऊन गेलेला होता, आणि नवा घालायचा सोडून कुणीतरी त्यावर सीलंट थापलं होतं. शिक्का मारणाऱ्याने काय बघितलं होतं देव जाणे. त्या दिवसापासून हे काम मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि तुम्हीही देऊ नये असं माझं मनापासून मत आहे. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. शाफ्टच्या गाडीत घरी करता येण्याजोगं याहून सोपं काम दुसरं नाही.

या लेखातली गाडी एफजेआर आहे, कारण तिच्यावर माझा हात बसलाय. तुमच्याकडे बीएमडब्ल्यू जीएस, ट्रायम्फ टायगर १२०० किंवा होंडा गोल्डविंग असेल तरी कामाचा क्रम हाच. तेलाचं माप, ग्रेड आणि बोल्टांच्या जागा मात्र बदलतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आत नेमकं काय चालतं

शाफ्ट गाडीच्या लांबीने फिरतो आणि चाक आडव्या आसावर. म्हणजे ताकद काटकोनात वळवावी लागते. हे काम फायनल ड्राइव्हमधला छोटा पिनियन आणि मोठा क्राउन गिअर करतात. एफजेआरचं इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे तिच्यात हे वळण दोनदा येतं. एकदा गिअरबॉक्समधून बाहेर पडताना मिडल गिअरमध्ये, आणि दुसऱ्यांदा मागच्या चाकापाशी. मिडल गिअरला इंजिन ऑइल मिळतं. मागच्या जोडीला मात्र तिचं स्वतःचं तेल, बंद डब्यातलं, ना पंप ना फिल्टर. क्राउन गिअर तेलात बुडतो आणि फिरता फिरता ते वर उडवतो, तेवढंच काय ते वंगण.

या प्रकारच्या गिअरचे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, ते घसरतातही. दाब आणि घसरण एकत्र आली की साध्या तेलाचा थर फाटतो. म्हणून अशा घसरत्या दातांसाठीच्या हायपॉइड गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दात तापले की ती धातूवर एक बारीक संरक्षक थर धरतात. गिअर ऑइलचा तो उग्र, सडक्या अंड्यासारखा वास या गंधकाचाच. नव्या तेलालाही तो येतो, त्यामुळे काढलेल्या तेलाला वास येतोय म्हणजे ते खराब झालं असं समजू नका. वास करपलेला, जळका असेल तर मात्र लक्ष द्या.

डबा बंद असल्यामुळे आतली तब्येत बाहेरून कळत नाही. रक्त तपासल्यावर जसं शरीरातलं कळतं, तसं इथे काढलेल्या तेलावरून कळतं. त्यामुळे तेल बदलताना जुनं तेल नीट बघणं हा माझ्या मते या कामाचा अर्ध्याहून मोठा भाग आहे.

कधी बदलायचं

एफजेआरला पहिल्या १,००० किलोमीटरला, आणि मग दर २०,००० ला बदलायचं, मधे १०,००० ला पातळी तपासायची. पहिला बदल टाळू नका. नवे दात एकमेकांत बसताना जी बारीक भुकटी निघते ती सगळी त्या तेलात असते, आणि गाळायला फिल्टर नसतो. मी स्वतः दरवर्षी एकदा बदलतो, हिवाळा संपला की. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते बोल्टांना खातं. वर्षातून एकदा बोल्ट उघडला तर तो पुढच्या वर्षीही उघडतो. एका लिटरच्या बाटलीत पाच बदल होतात, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेलं असो, आल्या आल्या बदला.

कोणतं तेल

एफजेआरच्या पुस्तिकेत एसएई ८० ग्रेडचं (हा दाटपणाचा आकडा), जीएल-४ दर्जाचं हायपॉइड गिअर ऑइल सांगितलंय. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी द्रव्यं जास्त असतात. काही जीएल-५ तेलं पितळेसारख्या पिवळ्या धातूंना मानवत नाहीत, म्हणून गाड्यांच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ती घालू नका असं सांगतात. दुचाकीच्या फायनल ड्राइव्हमध्ये सहसा ती अडचण नसते, आणि बऱ्याच कंपन्या तर जीएल-५ च मागतात. पुस्तिकेत जे लिहिलंय ते घाला, एवढंच.

दुकानात ८०डब्ल्यू-९० वाचून काही जणांना वाटतं, बापरे, हे तर २०डब्ल्यू-५० पेक्षा कितीतरी जाड. तसं नाही. गिअर ऑइलचं आणि इंजिन ऑइलचं मोजमाप वेगळ्या पट्टीवर चालतं. गिअरचं ९० आणि इंजिनचं ४० ते ५० हे गरम असताना साधारण सारखेच दाट असतात. म्हणून इंजिन ऑइल त्यात ओतायचं असाही अर्थ नाही. दाटपणा जुळला तरी गिअरला लागणारी द्रव्यं त्यात तेवढी नसतात.

काय काय जमवायचं

तेल, आणि दोन्ही बोल्टांचे (तेल काढायचा ड्रेन आणि भरायचा फिलर) नवे वॉशर. ड्रेनला आणि फिलरला वॉशर आहे की ओ-रिंग ते पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघून घ्या आणि दोन जास्तीचे आणून ठेवा. बोल्टाच्या मापाचा सहा कोनांचा सॉकेट. बारा कोनांचा घेऊ नका, घट्ट बोल्टाचे कोपरे तो गोल करतो. बोल्टाला ॲलन किंवा टॉर्क्स बसत असेल तर त्याचं बिट. छोटा टॉर्क रेंच हवा, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना. चाकाच्या नटाचा मोठा रेंच इथे उपयोगाचा नाही, कमी आकड्यांवर तो भरवशाचा नसतो.

भरायला औषधाच्या दुकानात मिळते ती ६० मिलीची मोठी सिरिंज आणि माशांच्या टाकीची पारदर्शक नळी, वीतभर. नरसाळं घेऊन धडपडू नका, भोक आडवं असतं. शिवाय एक स्वच्छ काचेची बरणी जिच्यावर मिलीच्या खुणा आहेत, जुना टूथब्रश, ब्रेक क्लीनर, भरपूर चिंध्या, हातमोजे, आणि ॲल्युमिनियम फॉइल. फॉइलचं काम पुढे कळेल.

प्रत्यक्ष काम

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाशी बसलेली भुकटी त्याच्याबरोबर निघते. आल्यावर सायलेन्सर थोडे निवू द्या. एफजेआरला ते दोन्ही बाजूंना आहेत आणि फायनल ड्राइव्हपाशी वाकल्यावर कोपर नेमकं तिथे टेकतं.

सपाट जागेवर डबल स्टँड लावा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, पातळी चुकीची दिसते. पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने किंवा मजबूत रबराने ओढून बांधून ठेवा. डाव्या बाजूची पेटी काढली की जागा मोकळी होते. शाफ्ट याच बाजूला आहे.

आता दोन्ही बोल्टांच्या भोवतालची माती टूथब्रशने घासून काढा. ब्रेक क्लीनर चिंधीवर मारा आणि त्याने पुसा, थेट फवारा मारू नका. टायरवर प्लास्टिकची पिशवी घाला. या स्वच्छतेत पाच मिनिटं जातात, पण फिलर उघडल्यावर वाळूचा एक कण आत गेला तर तो पुढच्या बदलापर्यंत दातांमध्ये दळला जाणार.

यानंतर आधी फिलर बोल्ट उघडा. ड्रेन नाही, फिलर. या सगळ्या लेखातून तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. तेल काढून टाकलं आणि मग कळलं की फिलर बोल्ट गंजून बसलाय, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. फिलर सुटला, की मगच ड्रेनला हात लावायचा.

बोल्ट सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी थांबा. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. बोल्टाच्या डोक्यावर सॉकेट बसवून हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, त्याने गंजाची पकड मोडते. हॉट एअर गनने भोवतालचं ॲल्युमिनियम गरम केलं तर ते पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि बोल्ट मोकळा होतो. मात्र ब्रेक क्लीनर मारलेलं पूर्ण उडून गेल्याशिवाय उष्णता देऊ नका, ते पेट घेतं. बोल्टात ॲलन की बसत असेल तर खाचेतली माती टाचणीने कोरून काढा, बिट तळापर्यंत बसलंच पाहिजे. आणि लांब पाइप लावून जोर देताना तो गाडीच्या पुढच्या दिशेने कधीही लावू नका. डबल स्टँड मिटतो आणि तीनशे किलोच्या जवळपास वजन पुढे घरंगळतं.

फिलर उघडल्यावर आत करंगळी घालून बघा. तेल भोकाच्या कडेला लागतंय का? माझ्या गाडीत पहिल्या वेळी करंगळी कोरडी बाहेर आली होती.

ड्रेन बोल्ट तळाला आहे. फॉइलची दुमडून पन्हाळी करा आणि बोल्टाखाली अशी दाबून बसवा की तेल रिमवर न सांडता बरणीत जाईल. बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला की आत दाबत दाबत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या. तेल पूर्ण निथळायला दहा मिनिटं द्या. मधे चाक हाताने दोन-चार वेळा फिरवा, गिअरला चिकटलेलंही खाली येतं.

जुनं तेल वाचायचं कसं

इथे घाई करू नका. आधी बरणीवरची खूण बघा. जेवढं घातलं होतं जवळपास तेवढंच निघालं पाहिजे. दहा-पंधरा मिली आत चिकटून राहतं, ते सोडून द्या. त्याहून बरंच कमी असेल तर ते कुठूनतरी जातंय. चाकाच्या बाजूचं सील, शाफ्टच्या बाजूचं सील, ड्रेनचा वॉशर, या क्रमाने शोधा. चाकाच्या बाजूने गळत असेल तर रिमच्या आत बारीक काळ्या रेघा दिसतात, मध्यापासून बाहेर फेकल्यासारख्या. हे तेल टायरवर येतं, म्हणून अशी गाडी चालवू नका.

मग रंग. मधासारखं सोनेरी ते गडद तपकिरी चांगलं. काळं म्हणजे फार जुनं किंवा फार तापलेलं. दुधाच्या चहासारखं गढूळ असेल तर पाणी गेलंय.

माझ्या ड्रेन बोल्टाला चुंबक आहे. तुमच्या बोल्टाला नसेल तर तसा बोल्ट विकत मिळतो, जरूर घ्या. चुंबकावर करड्या रंगाचा चिकट लेप बसलेला असतो. अंगठा आणि तर्जनीत चोळून बघा. काजळासारखा मऊ लागला, काही टोचलं नाही, तर ती दातांची नेहमीची झीज आहे. पुसा आणि विसरून जा. बोटाला खरखर लागली, किंवा नखाएवढा नाही तरी तांदळाच्या कणीएवढा तुकडा दिसला, तर दात किंवा बेअरिंग सुटू लागलंय. बरणी उन्हात धरून हळू फिरवा. तेलात चंदेरी झाक लाटेसारखी सरकताना दिसली तर ती बेअरिंगची तक्रार असू शकते.

अशा वेळी नवं तेल भरून प्रकरण मिटवू नका. चाक वर-खाली दोन हातांनी धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. आत कुठेतरी टकटक लागली तर गाडी जाणकाराकडे न्या. फक्त पुढे-मागे फिरवताना थोडा मोकळेपणा जाणवणं साहजिक आहे, दातांमध्ये तेवढी जागा ठेवलेलीच असते. त्याला घाबरू नका.

भरणं

ड्रेन बोल्ट आणि त्याची जागा पुसून घ्या. जुना वॉशर भोकाला चिकटून राहिलेला नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन वॉशर एकावर एक गेले तर गळती ठरलेली. नवा वॉशर घाला, बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि मग टॉर्क रेंचने २३ न्यूटन-मीटर. इथे मनगटाचा अंदाज चालवू नका. बोल्ट पोलादाचा आणि आटे ॲल्युमिनियमचे, जास्त जोर लावला तर हरणार ते आटेच. टेफ्लॉन टेप, सीलंट काहीही लावायचं नाही.

तेलाची बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवली तर सिरिंजमध्ये सहज येतं. तीन भरलेल्या सिरिंज म्हणजे १८० मिली, मग वरचे २० हळूहळू. एफजेआरमध्ये डबल स्टँडवर तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलं की पातळी बरोबर. शेवटी दोन मिनिटं थांबा, चाक फिरवा, पुन्हा बघा. हवेचा बुडबुडा सुटून पातळी थोडी उतरते. कडेवरून थेंब ओघळायला लागला तर तो थांबेपर्यंत वाट बघा आणि मग फिलर लावा, तोही २३ न्यूटन-मीटर.

थोडं जास्त भरलं तर बरंच, असा विचार करू नका. तेल तापून फुगतं, आत दाब वाढतो, आणि तो दाब सीलमधून वाट काढतो. म्हणजे आपणच गळती तयार केली.

केस ब्रेक क्लीनरच्या चिंधीने कोरडी पुसून काढा. टायरची पिशवी काढा आणि टायरवर बोट फिरवून बघा. थेंबभरही तेल असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. पुढच्या ब्रेकचा पट्टा सोडायला विसरू नका.

दुसऱ्या गाड्यांसाठी

बीएमडब्ल्यूच्या लिक्विड कूल्ड आर १२०० जीएस आणि आर १२५० जीएसमध्ये साधारण १८० मिली तेल बसतं, आणि ते मोजून भरायचं. काठोकाठ भरायची एफजेआरची पद्धत तिथे लावू नका. पहिला बदल १,००० किलोमीटरला, मग दर २०,००० किंवा दोन वर्षांनी, जे आधी येईल ते. त्याआधीच्या एअर-ऑइल कूल्ड आर १२०० जीएसच्या काही वर्षांच्या मॉडेलमध्ये वेगळा फिलर नाही. मागचा एबीएस सेन्सर काढून त्या भोकातून सिरिंजने भरावं लागतं. सेन्सरचं टोक चुंबकीय असतं, त्याच्यावरचा लेपही पुसून घ्या. होंडाच्या एसटी १३०० ला बदलताना फक्त १३० मिली लागतं. एवढा फरक असतो, म्हणून पुस्तिका आधी उघडा.

महाराष्ट्रात चालवणाऱ्यांना मिठाची काळजी नाही, पण पाण्याची आहे. लडाखचे नाले असोत की जुलैत कोकणातला पाण्याखाली गेलेला साकव, तापलेला फायनल ड्राइव्ह एकदम थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चाकाच्या आसापर्यंत पाण्यातून गेला असाल तर घरी आल्यावर किलोमीटर न मोजता ड्रेन उघडा. दुधट निघालं तर बदला, शंभरेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला, कारण एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. तिसऱ्यांदाही दुधट असेल तर सील बघावं लागेल.

मागचं चाक टायरसाठी निघेल तेव्हा एफजेआरसारख्या गाड्यांमध्ये आणखी एक काम करून घ्या. चाक आणि फायनल ड्राइव्ह जिथे खाचांनी एकमेकांत बसतात, त्या स्प्लाइन पुसून त्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस लावा. आतलं तेल तिथे पोचत नाही. टायरवाला सहसा हे करत नाही, सांगून करून घ्यावं लागतं.

जुनं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. इथे नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर वापरलेल्या तेलाची वेगळी टाकी असते. तिकडे ओळखीच्या गॅरेजमध्ये पिंप असतं, त्यात द्या.

दहा किलोमीटर चालवून या आणि दोन्ही बोल्टांखाली टिश्यू पेपर दाबून बघा. मग गाडी रात्रभर डबल स्टँडवर, खाली स्वच्छ पुठ्ठा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर वहीत तारीख, किलोमीटर, किती निघालं, किती घातलं आणि चुंबकावर काय होतं ते लिहून ठेवा. माझ्या वहीत गेल्या वेळची नोंद आहे: निघालं १९०, घातलं २००, लेप मऊ.